टॅबवाले भाऊ

भाऊंच्या स्क्रीनवर कधी गर्दी दिसली नाही. नव्या राजधानीतल्या, म्हणजे रायपूरच्या, आमच्या ऑफिसात निम्मं काम चॅटवर चाले आणि जो बोलेल त्याची वेगळी खिडकी उघडे. आम्हा बाकीच्यांच्या स्क्रीनवर खिडक्यांवर खिडक्या चढत. भाऊ मात्र सगळ्यांना एकाच खिडकीत, शेजारी-शेजारी टॅबमध्ये बसवत. म्हणून ते टॅबवाले भाऊ.

मी नागपूरहून रायपूरला नवीनच आले होते; भाऊही मूळचे नागपूरचेच. एकदा ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "काय पसारा करून राहिली पोट्टी! सरक." त्यांनी सेटिंग बदलली, टुणटुण आवाज बंद केला, जुनी बोलणी मिटवली. "पाहा, डोक्यालेही बरं वाटते आता." खरंच वाटलं.

रविवारी पंडरी भागातल्या त्यांच्या घरी वहिनी मला जेवल्याशिवाय सोडत नसत. मुलं मला दीदी म्हणत आणि मी मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीतच देत. भाऊ कपाळाला हात लावत. त्या शहरात मला मराठीतून रागावणारे तेवढे एकच होते.

म्हणून आमच्या नागपूर शाखेत एक जागा निघाली, तेव्हा मला तिकडे जायचंय हे मी आधी त्यांनाच सांगितलं. आई तिथं एकटी होती, तिला धड दिसत नव्हतं.

"तू काही बोलू नको," भाऊ म्हणाले. "साहेबांशी मी बोलतो. माझं ऐकतात ते."

त्याच आठवड्यात एका दुपारी माझ्या चॅटवर त्यांचा मेसेज उमटला. "सर, उसको नागपुर नहीं जाना है, मैंने पूछ लिया। मेरा नाम भेज दीजिए, जैसी कल बात हुई थी।"

त्यांच्या खिडकीत साहेबांचा टॅब माझ्या टॅबला लागूनच होता; भाऊंचा टॅब चुकला होता.

मी त्यांच्या टेबलाशी गेले. "भाऊ, मी कधी नाही म्हटलं?"

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि चेहऱ्याचा रंग उडाला. "मलेही घरी जायचं होतं गं."

"मग मले सांगायचं होतं."

मी साहेबांकडे धावले. कालच्या बोलण्यावरून त्यांनी भाऊंचं नाव सकाळीच वर कळवलं होतं. "अब क्या हो सकता है?" साहेब म्हणाले.

भाऊ गेले, तेव्हा मी स्टेशनवर गेले नाही.

काही आठवड्यांनी आईचा फोन आला. आवाज खुलला होता. "तुझे ते भाऊ येऊन जातात बरं का. परवा हात धरून डोळ्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. किती चांगला माणूस! तू काहून फोन नाही करत त्यांना?"

आईला मी खरं सांगितलं नाही. तिला दवाखान्यात न्यायला तिथं दुसरं कोणी नव्हतं.