टेलरबाईंची उसवाउसवी

टेलरबाई स्वतःच्या सदऱ्याच्या शिवणी उसवून सैल करत बसल्या होत्या. सासूबाईंनी एवढंच पाहिलं आणि बाकीचं मनातल्या मनात शिवून टाकलं. सुनेची पाळी लांबलेली, चेहऱ्यावर फोड आलेले, आणि आता कपडेही होईनात. म्हणजे नक्की दिवस गेले! संध्याकाळी शिलाई मशीनशेजारी भरपूर साखर घातलेल्या दुधाचा पेला आला, आणि जागचं हलायचं नाही असा हुकूमही.

खरं तर तिथेच तोंड उघडायला हवं होतं. पाळी रेंगाळणं टेलरबाईंना नवीन नव्हतं. गरोदरपण तपासायची पट्टीही त्यांनी गुपचूप आणून पाहिली होती, तिच्यावर एकच रेघ उमटली होती, म्हणजे दिवस गेलेले नव्हते. पण लग्नानंतर जिने कधी पाणीसुद्धा विचारलं नाही, ती सासू आता पाठीशी उशी सरकवत होती. दुपारी बिस्किटं, संध्याकाळी केक. असे लाड कोण सोडेल? टेलरबाई मूग गिळून बसल्या. ट्रकवर असणाऱ्या नवऱ्याला खरं सांगितलं, तर तो म्हणाला, आईला तूच सांग, आणि लगोलग पुढच्या फेरीला निघून गेला.

शिवणीत सोडलेलं जास्तीचं कापड संपलं, तेव्हा कुठे टेलरबाई दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली आणि पीसीओडी असल्याचं सांगितलं. हार्मोन्सचा तोल गेला होता, शरीराला साखर नीट पेलत नव्हती, म्हणून स्त्रीबीज वेळेवर तयार होत नव्हतं. हा आजार मुळापासून जात नाही, पण मुठीत ठेवता येतो. लागलं तर औषध देऊच, म्हणाल्या, पण चालणं, पुरेशी झोप, ताटात डाळी-भाज्या जास्त आणि गोड कमी, याला सुट्टी नाही. मग दिवसभर काय खाता, असं त्यांनी विचारलं. टेलरबाईंनी खरं खरं सांगितलं आणि डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना.

आता पंचाईत झाली. दूध सोडायचं तर बाळ नाही हे सांगावं लागणार, आणि सासूबाई तर आनंदात न्हाऊन निघालेल्या. टेलरबाईंनी आधी आडमार्ग धरला. दूध मोरीत ओतलं. उठणं व्हावं म्हणून कात्री मागच्या खोलीत ठेवली, इस्त्री माडीवर नेली. पण सून जरा उठू लागली की सासूबाईच धावत जाऊन आणून द्यायच्या. थोड्याच दिवसांत बारीक झाल्या, त्या सासूबाई.

मग एका सकाळी सासूबाई उरलेल्या कापडाचं इवलंसं टोपडं मशीनवर शिवताना दिसल्या. नीट दिसत नव्हतं, तरी डोळे ताणून शिवत होत्या. टेलरबाईंना स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

"आई, बाळ नाहीये. कधीच नव्हतं. मला आजार आहे, आणि तुमच्या लाडांपायी मी गप्प बसले."

मशीन थांबलं. सासूबाई उठून आत गेल्या. संध्याकाळी पेला आला नाही. टेलरबाईंना रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सासूबाई बूट घालून दारात उभ्या.

"चल चालायला. मी एकटीनेच किती बारीक व्हायचं?"

तेव्हापासून टेलरबाईंची धडगत राहिली नाही. कितीही कंटाळा केला तरी फेरी चुकत नसे. गिऱ्हाइकाने केक आणला, तर सासूबाई सुनेच्या हातातून काढून घ्यायच्या आणि तिच्यासमोरच चवीने खायच्या. डॉक्टरीणबाईंकडेही बरोबर जायच्या आणि सुनेच्या आधी आपणच उत्तरं द्यायच्या. सदऱ्याच्या शिवणी हळूहळू पुन्हा आत आल्या.

पूर्वी सुनेची पाळी आली की सासूबाईंचं तोंड दोन दिवस उतरलेलं असे. पुढे एका दुपारी टेलरबाईंनी मशीनवरूनच हळू आवाजात सांगितलं, की आली, या खेपेला अगदी वेळेवर. सासूबाईंनी टोपडं बटणांच्या डब्यात जपून ठेवलं होतं, ते तिथेच राहू दिलं. त्या आत गेल्या, शेकायला गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या, आणि दुसऱ्या हातात दुधाचा पेला होता.

टेलरबाईंनी घोट घेतला. साखरेचा कणही नव्हता.