गिटारीसाठी गल्लीला दिलेली नोटीस

मुलीच्या लग्नात नवरीने मांडवात प्रवेश करताना कोणते संगीत वाजावे, या प्रश्नावर चिखलीच्या आमच्या घरात दोन पक्ष पडले होते. वडनेर भोलजीच्या व्याह्यांनी डीजे ठरवला होता, आणि त्या डीजेकडे या प्रसंगाचे एक तयार गाणे होते. ते गाणे गेल्या मोसमात तालुक्यातील यच्चयावत नववधूंनी पायाखाली तुडवले होते. मी व्याह्यांकडे लेखी हरकत नोंदवली. मुलगी म्हणाली, "बाबा, हरकत नको, पर्याय द्या. मी लहान असताना तुम्ही गिटारीवर वाजवायचात ना, ती चाल रेकॉर्ड करून द्या. शुक्रवारपर्यंत दिली तर तुमच्या चालीवर चालेन. नाही तर डीजेचं गाणं."

अटी वाजवी होत्या. मी मान्य केल्या.

माझी गिटार मांडीवर आडवी ठेवून स्टीलच्या दांडीने वाजवायची, विजेवरची. तिचा जुना अ‍ॅम्प्लिफायर केव्हाच निकालात निघाला होता. त्याऐवजी मुलीने ऑडिओ इंटरफेस नावाची एक पेटी आणली, साधारण जेवणाच्या डब्याएवढी. गिटारीची वायर पेटीत, पेटीची संगणकात, आणि माझे कान हेडफोनमध्ये, अशी व्यवस्था झाली. पेटीवरचा दिवा हिरवा असेल तर आवाज बेताचा. तांबडा झाला तर मर्यादेचा भंग. माझ्यासमोर तो बहुधा तांबडाच असे.

"बाबा, तारेला इतकं जोरात का मारताय? तिनं काय केलंय?"

"त्याइची सवयच हाये ते," सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "टाइपरायटरले बी असेच मारत."

आता अडचण होती ती गल्लीची. समोर पिठाची चक्की, तिला लागून वेल्डिंगचे दुकान, आणि दिवसभर ओरडत फिरणारे भंगारवाले. अशा परिस्थितीत निर्दोष ध्वनिमुद्रण होणे अशक्य, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी नोटीस काढली. दररोज दुपारी चार ते पाच या वेळेत सर्व संबंधितांनी कोणताही ध्वनी उत्पन्न करू नये, अशी विनंती, परंतु निक्षून. प्रत्येक घरी प्रत दिली आणि पोच घेतली.

चक्कीवाले भाई माझ्याच वयाचे. मी न्यायालयात लिपिक होतो, वकील कधीही नव्हतो. हे त्यांना पुरते ठाऊक असल्यामुळेच ते मला वकीलसाहेब म्हणतात.

"गिऱ्हाईक दळन घेऊन आलं तं काय सांगू, वकीलसाहेब?"

"पाचनंतर यायला सांगा."

"काऊन म्हनलं तं?"

"नोटीस दाखवा."

त्यांनी नोटीस उलटीसुलटी करून पाहिली आणि सही केली. "चाला, कबूल. पोरगी आपलीच हाये."

गल्लीने आदेश पाळला, हे मी कृतज्ञतापूर्वक नमूद करतो. चार वाजता चक्कीचा पट्टा थांबे. वेल्डिंगवाला हातावर हात ठेवून बसे. भंगारवाला तर तोंड मिटून, नुसते हातवारे करीत माझ्या खिडकीखालून जाई. त्या शांततेचे इतके दडपण येई की माझी दांडी तारेवरून घसरे. बुधवार संपला तरी सलग, निर्दोष असे वादन हाती लागले नव्हते. मुलगी म्हणे, चांगले तुकडे जोडून देते. मी ते साफ नाकारले. तुकडे जोडून केलेला दस्तऐवज बनावट असतो, मग तो कागदाचा असो की आवाजाचा.

गुरुवारी मात्र हात बसला. अर्धी चाल निर्वेध झाली आणि तेवढ्यात साड्यांच्या सेलची रिक्षा भोंगा लावून गल्लीत शिरली. बरोबर माझ्या खिडकीखाली ती थांबली आणि "एकावर एक फ्री" असा घोष सुरू झाला. माझे डोके तापले. पण मी वाजवणे थांबवले नाही. हा उपद्रव आता संगणकात नोंदला जात होता, आणि रिक्षावाल्याविरुद्ध यापेक्षा सबळ पुरावा मला कोण देणार होते? भोंग्याच्या नाकावर टिच्चून मी चाल शेवटपर्यंत वाजवली आणि मुलीला हाक मारली.

"लाव. आणि तो भोंगा जिथे सुरू होतो ती जागा नोंदवून घे."

तिने लावले. गिटार अथपासून इतिपर्यंत स्वच्छ वाजली. रिक्षा नव्हती. पुन्हा लावले. साडीचे नावसुद्धा नव्हते.

"पुरावा कुठे गेला?" मी गरजलो.

"बाबा, माइक कुठे लावलाय आपण? गिटार सरळ वायरनं पेटीत जाते. पेटीला गल्ली ऐकूच येत नाही." एवढे बोलून ती खाली बसली आणि पोट धरून हसू लागली. "म्हणजे ती नोटीस यासाठी होती? मला वाटलं, तुम्हाला एकाग्रता हवी आहे!"

नोटीस मागे घेण्यासाठी मला स्वतः जावे लागले. चक्कीवाले भाई शांतपणे ऐकत होते.

"म्हंजे आमी फुकट चूप बसलो?"

"तांत्रिकदृष्ट्या, होय."

"अन् ऐकू तं आमाले काहीच आलं नाही. आमी समजलो, वकीलसाहेब आतमंधी झोपून राह्यले." वेल्डिंगवाला फिस्सकन हसला. "ते काही नाही. आता आयकवा. हक्क हाये आमचा."

मागणी कायदेशीर होती. संध्याकाळी मुलीने ओट्यावर स्पीकर आणून ठेवला. चाल शेवटपर्यंत वाजली.

"वाजवलं झकास," भाई म्हणाले, "पन डबीत कोंडल्यावानी वाटते."

"मी हेच सांगतेय," मुलगी म्हणाली. "या आवाजाला थोडी खोली द्यायला हवी." तिने संगणकावर आवाज घुमवणारे काहीतरी फिरवले, त्या यंत्रणेने 'मोठे सभागृह' असे नाव दिलेले. मी उभा राहून आक्षेप घेतला. वादन दहा बाय बाराच्या खोलीत झाले असता ते सभागृहात झाल्याचे भासवणे हे खोटे निवेदन होय.

"आन् लगन कुठं हाये? न्हानीत?" सौभाग्यवतींनी विचारले.

मुलीने तो परिणाम थोडा कमी केला, भाईंनी मान हलवली, आणि मी माझे भिन्नमत राखून संमती दिली.

मग तिने चप्पल काढली. चक्कीपासून आमच्या ओट्यापर्यंतचे अंतर मांडवातल्या वाटेएवढेच भरते, म्हणाली, चालून पाहते. चाल सुरू झाली आणि ती निघाली. गल्ली बाजूला सरली. ती ओट्यापाशी येऊन उभी राहिली तेव्हा चालीचे एक सबंध कडवे शिल्लक होते.

"लांब होतेय, बाबा. शेवटचं कडवं कापू का?"

"कापायचे नाही," मी म्हणालो. "तू हळू चाल."

ती परत चक्कीपाशी गेली आणि हळू चालत निघाली.