विजेच्या नकाशात आमची घरं

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट लगेच सांगतो, कारण तो माणूस उद्या तुमच्याही गल्लीत येईल.

वीज कंपनीचा कारकून आपल्या कारंजा गावात आमच्या दारी आला. म्हणाला, "जर्मनासंगची लढाई संपली. आता विलायतेहून मोठं इंजिन येऊन राह्यलं. घरोघरी दिवे लागतील. तुमी फक्त खांब रोवायच्या कागदावर अंगठा द्या."

खांबासाठी शेजारच्या गंगामावशीच्या अंगणातला निंब तोडावा लागणार होता. तरी दिव्याच्या आशेनं तिनं अंगठ्याला शाई लावली.

मला वाचता येतं. मी म्हटलं, "अगोदर नकाशा दाखवा."

नकाशात तार आमच्या दारांवरून थेट कापसाच्या जिनिंग कारखान्यात गेली होती. आमच्या एकाही घराला फाटा नव्हता.

"आमचे दिवे कुठी हायेत?" मावशीनं विचारलं.

"ते मागून होईन."

"मंग तसं कागदावर लिहून दे, बाबू."

त्यानं नकाशा गुंडाळला. "साहेबाले विचारून सांगतो," म्हणाला आणि निघून गेला. मावशीनं शाई लुगड्याला पुसली.

वीज मलाही हवी आहे. लेकरं रॉकेलच्या धुरात वाचतात, ते पाहवत नाही. पण वरच्या गल्लीतल्या बऱ्याच जणांनी कालच अंगठे दिले आहेत, आणि त्यातले काही इथं बसले आहेत. तुमच्यापैकी कोणी नकाशा पाहिला होता का?