ज्यूलचे कान

आर्विल मेसर एकटाच शिकारीला जातो, याचं खोऱ्यात सगळ्यांना कौतुक होतं. बाकीचे सहा-सात जण मिळून, तीन-चार गाड्या आणि वीसेक कुत्री घेऊन अस्वलामागे जायचे आणि निम्मा वेळ गप्पांत घालवायचे. आर्विल दोन कुत्री मोकळी सोडायचा, तिसरी म्हातारी दोरीला धरायचा आणि डोंगरात दिसेनासा व्हायचा. लोक म्हणायचे, त्याला माणसांचा कंटाळा आहे. त्याने कधी नाही म्हटलं नाही, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा माणूसघाणा म्हणवून घेणं त्याला परवडत होतं.

आर्विलला कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येत नव्हतं.

एकतीस वर्षं तो सॉ मिलवर, लाकूड कापायच्या कारखान्यात, गोल करवतीच्या कर्कश आवाजात उभा राहिला होता. माणसं समोरासमोर बोलली की त्याला बरंचसं कळायचं, उरलेलं तो ओठांवरून जुळवायचा. पण लांबच्या कड्यावरून येणारा कुत्र्याचा आवाज गेला होता, कायमचा. आणि उत्तर कॅरोलिनाच्या त्या डोंगरात कान नसलेला शिकारी म्हणजे काय? तिथे अस्वल दिसत नाही. रानातली झुडपं अशी दाट की चार पावलांवरचा माणूस दिसत नाही. कुत्री काय बोलतात ते ऐकायचं. माग लागला की लांब हेल काढतात, अस्वल झाडावर चढलं की तुटक, ठोके मारल्यासारखं भुंकतात, आणि ते जमिनीवरच उलटून उभं राहिलं की आवाज चिरका होतो. मग मात्र मालकाने धावायचं असतं. वेळेवर पोहोचला नाही तर कुत्री जातात.

त्याने यावर तोड काढली होती. ज्यूल ही त्याची अकरा वर्षांची कुत्री, मागच्या पायाने अधू. तिला तो दोरीला धरून बरोबर न्यायचा. ड्रम आणि पेनी ही दोन धावती कुत्री सुटली की ज्यूल मान ज्या बाजूला वळवील, कान जिकडे उभारील, तिकडे आर्विल चालू लागायचा. चार हंगाम हे बिनबोभाट चाललं. गेल्या वर्षी तर त्याने दोन अस्वलं आणली आणि दुकानापुढच्या बाकावर मिशीत हसत बसून राहिला.

त्याच्या बायकोला, नेवाला, अर्थातच सगळं ठाऊक होतं. चाळीस वर्षं एका टेबलावर जेवणाऱ्या बाईपासून कान लपत नाहीत.

डिसेंबरातल्या त्या सकाळी तिने मक्याचा पाव आणि डुकराच्या मांसाची चकती फडक्यात बांधून दिली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, म्हणजे त्याला ओठ दिसावेत.

"आज नको जाऊस. आभाळ बघ कसं झालंय."

"चार वाजेपर्यंत येतो."

"शेजारच्या डॉयलला तरी घेऊन जा बरोबर."

"डॉयलला? त्याच्या तोंडाला कुलूप नाही. अस्वलच कंटाळून घरी जाईल."

"आर्विल, मी काय म्हणते ते तुला चांगलं कळतंय. मी मघाशी त्या ज्यूलच्या पाठीमागे पातेलं आपटलं. ती उठली नाही. पेनी उठली तेव्हा उठली."

"म्हातारी झालीय ती. तूसुद्धा हल्ली एका हाकेला उठत नाहीस."

"मी मुद्दाम उठत नाही," नेवा म्हणाली आणि आत गेली. एरवी ती गाडी वळेपर्यंत दारात थांबायची.

कोल्ड स्प्रिंगच्या खिंडीत साडेनऊला ड्रमला माग लागला. गोठलेल्या दवाने पांढऱ्या झालेल्या चिखलात पंजा उमटला होता, आर्विलच्या टोपीएवढा. असला थोराड नर झाडावर चढत नाही, जमिनीवरच लढतो, हे आर्विलला कळत होतं. दोरी न सोडता परत फिरावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. पण ड्रमचं अंग थरथरत होतं, पेनी त्याच्या गुडघ्यावर पाय देत होती, आणि असा पंजा आपल्याला आयुष्यात पुन्हा दिसणार नाही हेही त्याला माहीत होतं. त्याने दोघांना सोडलं. झुडपं हलली, मिटली.

त्याने ज्यूलकडे पाहिलं. ज्यूलने त्याच्याकडे पाहिलं.

त्याचा अंदाज होता की असलं जनावर पूर्वेला, ओढ्याच्या बाजूने उतरणार. तो तसा किंचित वळला असेल, दोरी किंचित ताणली गेली असेल. ज्यूलने पूर्वेकडे मान केली आणि कान उभारले. "शहाणी माझी," तो म्हणाला, आणि ते दोघे ओढ्याकडे उतरले.

अकरा वाजले. बारा वाजले. ओढ्याकाठी पंजा नव्हता, मोडलेली फांदी नव्हती. आर्विल थांबला की ज्यूल थांबायची, तो वळला की वळायची. आभाळ डोंगराच्या माथ्यावर टेकलं होतं आणि बारीक बर्फ पडू लागला.  रान गप्प होतं, पण त्याचं रान चार वर्षं गप्पच होतं. ही शांतता कुठली, हे त्याला ओळखता येईना.

दोन वाजता त्याने कुत्र्यांना परत बोलवायचं गळ्यातलं शिंग काढलं. बैलाचं, त्याच्या बापाचं. ते वाजलं की ज्यूल आकाशाकडे तोंड करून गळा काढायची, पिल्लू असल्यापासून. ती त्याच्या पायाशी मान टाकून पडली होती, डोळे मिटून. आर्विलने छाती भरून शिंग फुंकलं. त्याच्या दातांना कंप जाणवला.

ज्यूल हलली नाही.

तो वाकला आणि तिच्या कानाशी शिंग धरून पुन्हा फुंकलं. तिने डोळे उघडले, ते त्याचा श्वास तिच्या तोंडावर आला म्हणून. मग तिने शेपटी हलवली आणि तो आता कुठे वळतो म्हणून त्याच्याकडे बघत राहिली.

आर्विल ओल्या जमिनीवर बसला. म्हणजे गेले कित्येक महिने ती त्याला वाट दाखवत नव्हती. तोच तिला दाखवत होता. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

खाली रस्त्यावर यायला साडेचार झाले. दुकानापुढे डॉयल उभा होता, हातात कॉफी. डॉयलचा बाप एकदा आर्विलच्या कुत्र्यांनी अडवलेल्या अस्वलापाशी न विचारता गेला होता. तेव्हा आर्विल त्याच्याशी नऊ वर्षं बोलला नाही, आणि खोऱ्याने आर्विलचीच बाजू घेतली होती. ज्याची कुत्री, त्याची जागा. तिथे दुसऱ्याने पाऊल टाकायचं नाही.

"केवढं होतं, काका?" डॉयलने हसून विचारलं. "दोन जण घेऊन येऊ का ओढायला?"

"काय ओढायला?"

"अस्वल. अकरा वाजल्यापासून तुमच्या कुत्र्यांनी ते पश्चिमेच्या कड्याखाली धरलं होतं. इथे उभं राहून सगळं खोरं ऐकत होतं. पेनी दोनच्या सुमाराला गप्प झाली. ड्रम आत्ता आत्तापर्यंत..." डॉयल थांबला. आर्विलचा चेहरा त्याला दिसला. "काका, तुम्ही तिथे नव्हता?"

"मग तुम्ही कुणी का नाही गेलात?"

"दुसऱ्याच्या कुत्र्यांपाशी कोण जातं, काका? त्यातून तुमच्या?"

आर्विलने टोपी काढली, पुन्हा घातली. "मला ऐकू येत नाही, डॉयल," तो म्हणाला. "चार वर्षं झाली. तू चल माझ्याबरोबर. तू ऐक."

डॉयलने हातातली कॉफी रस्त्यावर ओतून टाकली आणि गाडीचं दार उघडलं.

कड्याखालच्या वाटेवर उजेड जेमतेम उरला होता. डॉयल उभा राहून ऐकू लागला. आर्विल त्याच्या मानेकडे बघत राहिला, ज्यूलच्या मानेकडे बघायचा तसा. ती मान कुठेच वळली नाही.

बर्फ वाढला तेव्हा आर्विलने अंगातला कोट काढून वाटेवर पसरला. चुकलेला कुत्रा मालकाच्या वासावर येऊन बसतो, म्हणून तिकडे तसं करतात. डॉयलने स्वतःचा कोट त्याच्या खांद्यावर टाकला आणि त्याला घरी नेलं. नेवाने दार उघडलं, दोघांकडे पाहिलं आणि आर्विलला कोरडा सदरा दिला.

सकाळी नेवासकट तिघंही त्या वाटेवर आली. पेनी कड्याखाली, घळीच्या तोंडाशी सापडली. अंगावर बर्फ जमला होता. डॉयलने तिला पोत्यात गुंडाळलं.

ड्रम कोटावर होता. एक कूस फाटलेली, रक्त गोठलेलं, पण डोकं वर. आर्विलला पाहून तो उठायला गेला, उठवेना. मग त्याने मान उंचावली आणि त्याचं तोंड उघडू-मिटू लागलं, ठोके मारल्यासारखं, पुन्हा पुन्हा. आर्विल त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याचा गळा दोन्ही हातांत धरला. हातांना कंप लागेना.

"मला येत नाही ऐकू," तो डॉयलला म्हणाला. "काय म्हणतोय तो? सांग मला."

डॉयलने नेवाकडे पाहिलं. मग आर्विलच्या समोर येऊन बसला, म्हणजे त्याला ओठ दिसावेत.

"आवाजच नाही, काका. घसा गेलाय त्याचा. मलासुद्धा काही ऐकू येत नाहीये."