उजवा कुणाचा?

गावभर पेंटरचीच अक्षरं होती. दवाखान्याची पाटी त्याची, शाळेच्या भिंतीवरचा सुविचार त्याचा, आणि 'येथे गाडी लावू नये' हे तर निम्म्या गावाला त्यानंच बजावलेलं. माणूस सदा तर्र, पण रेघ सरळ. खरं म्हणजे दोन घोट पोटात गेल्याशिवाय त्याची रेघ सरळ येतच नसे, आणि या गोष्टीचा त्याला इतकी वर्षं चक्क अभिमान होता. आता बोला.

तो अभिमान मुलीनं उतरवला. नातवाला बघायला पेंटर दोन घोट घेऊनच गेला होता. बाळ हातातून निसटलं, खाली गादी होती म्हणून वाचलं. मुलीनं आरडाओरडा केला नाही. बाळाला उचललं, घराचं दार उघडलं आणि म्हणाली, "बाबा, दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असते म्हणे. तिथे जायला लागा, मग या. त्याआधी नको." जावई खिडकीबाहेर बघत राहिला. जावयासमोर झालेली ती शोभा महिनाभर पेंटरच्या गळ्याखाली उतरेना, आणि उतरवायला तो जे घेत होता तेच तर सोडायचं होतं.

मीटिंग कुठे असते हे विचारायचं कुणाला? ज्याला विचारावं त्याची पाटी यानंच रंगवलेली. शेवटी औषधाच्या दुकानात त्यानं 'एका मित्रासाठी' पत्ता विचारला. दुकानदारानं त्या मित्राला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि सांगितलं: वाचनालयामागची गल्ली, भिंतीवर बाण आहे, संध्याकाळी सहा वाजता.

पेंटर टोपी कपाळावर ओढून गेला. चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे गल्लीतलं कुत्रंसुद्धा आपल्याकडेच बघतंय असं त्याला वाटत होतं. भिंतीवर लिहिलं होतं, 'दारू सोडायची आहे? आत या.' खाली डावीकडे जाणारा बाण. बाणामागून तो गेला आणि थेट एका इस्त्रीच्या दुकानात पोचला.

इस्त्रीवाल्या बाईंनी कपड्यावरून नजर न उचलता विचारलं, "मीटिंगला ना? मागे फिरा. बाणाच्या उलट बाजूचं निळं दार. तीन वर्षं हेच सांगतेय. कुण्या बेवड्यानं काढलाय बाण, देव जाणे. मीटिंगवाल्यांना दोनदा सांगितलं, बदलतो म्हणाले, बदलला नाही."

पेंटरला आधी हायसंच वाटलं. पत्ताच चुकीचा होता, असं मुलीला सांगता येईल, आणि ते धडधडीत खोटंही होणार नाही. परत जाताना सहज भिंतीकडे लक्ष गेलं. बाणाच्या शेपटाला तीन फटकारे होते. असे फटकारे गावात एकच माणूस मारत असे.

मग आठवलं. गिऱ्हाईक भिंतीला पाठ लावून उभं होतं आणि 'उजवीकडे' म्हणालं होतं. ते वाचणाऱ्याचा उजवा सांगत होतं, यानं गिऱ्हाइकाचा धरला. 'उजवा कुणाचा, हे विचारल्याशिवाय बाण काढू नये,' हा उस्तादानं शिकवलेला पहिला धडा. त्या दिवशी विचारायची शुद्ध होती कुणाला? पेंटरची कानशिलं तापली. आता घरी जायलाही लाज वाटू लागली, म्हणून तो निळ्या दारातून आत गेला.

आत दहाबारा खुर्च्या होत्या. प्रत्येक जण उठून 'मी मद्यपी आहे' म्हणत होता. पेंटरची पाळी आली तेव्हा तो शब्द काही तोंडातून निघेना.

"बाहेरचा बाण मी काढलाय," तो खाली मान घालून म्हणाला. "प्यायलो होतो."

खोलीत हशा पिकला. फक्त एक निवृत्त पोस्टमन हसला नाही.

"जन्मभर लोकांचे पत्ते शोधले मी," तो शांतपणे म्हणाला. "हा नाही सापडला. त्या दिवशी इस्त्रीचं दुकान बंद होतं. परत गेलो, तो आठ महिन्यांनी आलो. तोवर बायको घर सोडून गेली होती."

हसणं थांबलं. पोस्टमननं शिवी दिली असती तर पेंटरला बरं वाटलं असतं. त्यानं शिवी दिली नाही. सकाळी ब्रश घेऊन या, एवढंच म्हणाला, आणि न पिता या.

सकाळी पेंटरचा हात लटलट कापत होता. पोस्टमन रंगाचा डबा धरून उभा राहिला. जुना बाण पुसल्यावर पेंटरनं आधी विचारलं, "उजवा कुणाचा?"

"वाचणाऱ्याचा."

डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून त्यानं रेघ ओढली. नवशिक्यानंही लाजावं अशी आली.

इस्त्रीवाल्या बाई बाहेर आल्या. "कुणी काढलं हे वेडंवाकडं? आधीचा निदान सरळ तरी होता."

पेंटरनं टोपी काढली. "मीच काढलाय, बाई. आधीचाही मीच."

मुलीकडे तो लगेच गेला नाही. पाच महिने मीटिंगला जात राहिला, मग गेला. मुलीनं बाळ पुढे केलं, तर त्यानं उभ्यानं घेतलं नाही. हात आता फारसा कापत नव्हता, तरी जावयासमोर तो आधी खाली फरशीवर बसला आणि म्हणाला, "आता दे."