टेकडीवरचं हायस्कूल, खोऱ्यातलं हायस्कूल

ओपल नेपियरला आमच्याकडे सगळे आत्याच म्हणायचे. केंटकीच्या डोंगरातल्या आमच्या काउंटीत, कोर्टासमोर, तिचं बायकांचे केस कापायचं दुकान होतं. मी तिथे केस धुवायचे. आत्याचा नवरा कोळशाच्या खाणीत छाती पोखरून घेऊन मेला. मूलबाळ नव्हतं. आत्याची जीभ तिखट, पण मनात एक आणि ओठांवर दुसरं असं तिचं कधी नव्हतं.

काउंटीत सरकारी हायस्कुलं दोन. एक गावातलं, टेकडीवरचं. दुसरं वर खोऱ्याच्या टोकाला. आत्या स्वतः खोऱ्यातल्या शाळेत शिकलेली, तिथल्या मुलींच्या संघातून बास्केटबॉल खेळलेली. परीक्षेचा निकाल लागला की टेकडी वर आणि खोरं तळाला, हे ठरलेलंच. खाणी बंद पडल्या, माणसं निघून गेली, तेव्हा शाळा मंडळानं ठरवलं, समिती नेमून दोन्ही शाळांची तुलना करायची आणि एक बंद करायची.

शिक्षणाधिकारी थर्मन बेगली एके दिवशी दुकानात आला, टोपी हातात धरून.

"आत्या, काउंटीतली प्रत्येक बाई तुमच्या खुर्चीत बसते. तुम्ही समितीत असलात की लोकांचा विश्वास बसेल."

"म्हणजे निकाल तुमचा आणि तोंड माझं?"

तो हसला. आत्या हसली नाही, पण गेली समितीत. आपल्या जुन्या शाळेबद्दल काय बोलतात ते ऐकायचं होतं तिला.

टेकडीवर समितीला हॅम घातलेली गरम बिस्किटं, म्हणजे आमच्याकडचे मऊ पाव, मिळाली. फरशी इतकी लख्ख की त्यात तोंड दिसावं. मुख्याध्यापकानं निकालाचे तक्ते भिंतीवर दाखवले आणि म्हणाला, "आमच्याकडे शिस्त आहे. खोऱ्यातल्या पोरांना शिकायचंच नसतं, त्याला कोण काय करणार?" समितीतल्या लोकांनी माना डोलावल्या. आत्यानं बिस्कीट अर्धवट टाकलं.

खोऱ्यातल्या शाळेत जायच्या दिवशी ती स्वतःची गाडी घेऊन निघाली आणि गावाबाहेर पडायच्या आत शाळेच्या पिवळ्या बसमागे अडकली. टेकडीच्या अगदी पायथ्याशी ट्रेलरची, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घरांची, गरीब वस्ती आहे. बस तिथे थांबली. टेकडीवरच्या शाळेची घंटा ऐकू येत होती, आणि त्या वस्तीतली पोरं तिच्याकडे पाठ करून खोऱ्याच्या बसमध्ये चढत होती. वळणावळणाच्या रस्त्यानं आत्या शेवटपर्यंत त्या बसच्या मागे गेली.

शाळेत पोचल्यावर तिनं त्यातल्याच एका मुलीला गाठलं. नाव हार्लीन, अंगानं किडकिडीत, चेहऱ्यावर झोप.

"काय गं बाळ, दाराशी शाळा सोडून इतक्या लांब का येतेस?"

"मला वाचताना अक्षरं नाचतात. टेकडीवरच्या सरांनी आईला सांगितलं, वर खोऱ्यात अशा मुलांसाठी वेगळ्या बाई आहेत. सही घेतली आणि परीक्षेच्या आधी इकडे पाठवलं."

"मग? शिकवतात का त्या बाई?"

"होत्या म्हणे पूर्वी. मी आले तेव्हा नव्हत्या."

आत्या तडक मुख्याध्यापकाच्या खोलीत गेली. छत गळत होतं आणि खाली बादली ठेवलेली. तिला वाटलं, हा माणूस तरी चिडेल. त्यानं खांदे उडवले.

"आत्या, डोकी मोजून सरकार अनुदान देतं. डोकी येतायत ना, मग मी कशाला तोंड उघडू?"

दुपारी दुकानात आली ती सरळ हात धुवायला लागली. साबण लावून, पुन्हा पुन्हा. "किळस आली गं मला," म्हणाली. "एकानं आपलं अंगण झाडून कचरा शेजाऱ्याच्या दारात टाकायचा, शेजाऱ्यानं त्यावर पोट भरायचं. आणि कचरा म्हणजे कोण, तर पोरं!"

शाळा मंडळाच्या सभेत अख्खी काउंटी आली होती. आत्यानं उभं राहून सगळं सांगितलं. बेगली शांतपणे म्हणाला, "प्रत्येक पालकानं राजीखुशीनं सही केलीय." मग पुढच्या रांगेतून डार्ला ईव्हर्सोल उठली. तिचे केस आत्यानं त्याच सकाळी बसवले होते.

"खरं सांगा आत्या, माझ्या मुलानं त्या ट्रेलरवाल्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचं का?"

टाळ्या पडल्या. बेगलीनं वाजवल्या असत्या तर मला काही वाटलं नसतं. पण वाजवत होत्या आमच्याच बायका.

"इतकी वर्षं ही डोकी विंचरली मी," आत्या म्हणाली. "आत काय आहे ते आज कळलं."

खोऱ्यातली शाळा बंद झाली. दुकानात गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. बेगलीची बायको मात्र काही घडलंच नाही अशी येऊन खुर्चीत बसली. आत्यानं तिच्या गळ्यातला टॉवेल काढून त्याची घडी केली.

"उठा बाई. तुमच्या केसांना हात लावावासा वाटत नाही."

त्या शरदात टेकडीवर भलामोठा फलक लागला: काउंटीतलं पहिल्या क्रमांकाचं हायस्कूल. दुसरं उरलंच नव्हतं! आत्या फलकाखाली गाडीतून उतरली आणि भर रस्त्यात थुंकली. मी तिला थुंकताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पुढे कळलं की हार्लीन घरीच बसून आहे. पाठवायला दुसरी शाळा राहिली नाही, तेव्हा टेकडीवाल्यांनी तिच्या आईकडून नवीन सही घेतली होती, मुलगी घरीच शिकेल म्हणून. घरी शिकवणार कोण? आई रात्रपाळीला कोंबड्यांच्या कारखान्यात. आत्यानं त्या माउलीला हाताशी धरलं, दिलेली सही मागे घ्यायला लावली, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकान उशिरा उघडू लागली. रोज सकाळी हार्लीनला गाडीत घालायची, टेकडीवर न्यायची आणि पोरगी बाकावर बसेपर्यंत वर्गाच्या दारात उभी राहायची.

"आत्या, हे बरं दिसत नाही," मुख्याध्यापक म्हणाला.

"मलाही तुम्ही बरे दिसत नाही. तरी येते ना रोज?"

वाचायला शिकवणारी बाई नेमावी म्हणून तिनं मंडळाच्या प्रत्येक बैठकीत भांडण केलं. शेवटी, तिच्या तोंडाला कंटाळून, नेमली एकदाची. आठवड्यातून दोनच दिवस.

हार्लीन हायस्कूल पास झाली, काठावर. पदवीदान बास्केटबॉलच्या हॉलमध्ये होतं आणि प्रमाणपत्रं बेगली वाटणार होता. मी आत्याला ओढत होते, "चल ना, पोरगी वाट बघतेय."

"तू जा, माझ्याही वाट्याच्या टाळ्या वाजव. त्या माणसानं हात पुढे केला तर मला ओकारी येईल."

आणि काचा वर करून ती गाडीतच बसून राहिली.