पॅनेलवरचा बर्फ आणि रथसप्तमीचं दूध

पार्सिपनीच्या शुभाकाकू म्हणजे दुधाचा थेंब वाया जाऊ न देणारी बाई. पण रथसप्तमीला सूर्यासाठी दूध उतू जाऊ द्यायचं असतं, आणि मोरेश्वरकाकांना त्या दिवशी चेवच चढायचा. एका वर्षी त्यांनी मागच्या डेकवर गोवऱ्या पेटवल्या, तर शेजाऱ्यांनी फायर ब्रिगेड बोलावली! पुढे गराजवर सोलर पॅनेल बसली आणि काकांनी नवाच नेम काढला. दूध इंडक्शनवर, पण वीज सूर्याचीच. फोनवर पॅनेल चालू दिसल्याशिवाय शेगडीला हात लावायचा नाही.

"अहो, वीज ती वीज! तिच्यावर काय नाव लिहिलंय?" काकू करवादायच्या. काका ऐकतील तर शप्पथ.

गेल्या मार्चमध्ये काका गेले. त्यांच्यामागची ही पहिली रथसप्तमी, आणि रात्रभर बर्फ पडून पॅनेल पार गाडली गेलेली. सांता क्लाराहून मुलाचा, मिहीरचा फोन आला. "आई, प्लीज, वर चढू नकोस. दूध तसंच तापव ना. बाबांना काय कळणारे?"

"मला कळेल," म्हणून काकूंनी फोन ठेवला.

गराजमधून काकांचा लांब दांड्याचा, फोम लावलेला रेक काढला. जमिनीवरूनच बर्फ ओढायचा त्यानं. मेला काय जड! निम्मा बर्फ काकूंच्याच मानेत. "खालची कड तेवढी मोकळी करायची, बाकीचं तो सूर्य बघतो," काका म्हणायचे. आणि काकू खिडकीतून ओरडायच्या, "आत या आता, कान गोठतील!" आज खिडकीत ओरडायला कुणी नव्हतं. फार एकटं वाटलं त्यांना. कड कशीबशी मोकळी केली आणि हात गळून गेल्यावर त्या आत आल्या.

फोनवर शून्य. चहा झाला, पूजा झाली, तरी शून्य. ऊन मात्र लख्ख पडलं होतं. काकू निरांजन विसळत होत्या, तेवढ्यात बाहेर धडाम्! वरचा सगळा थर घसरून ड्राइव्हवेवर आला होता. फोनवरचा आकडा भराभर चढायला लागला.

काकूंनी पातेली ठेवली. दूध वर आलं आणि जन्माच्या सवयीनं हात बटणाकडे गेला. "अगं, आज जाऊ दे!" असं म्हणत काका दर वर्षी त्यांचा हात धरायचे, तो इथेच. काकूंनी आपलाच हात दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला. दूध उतू गेलं, शेगडी पीं पीं करत बंद पडली.

"त्याच्याच विजेवर हं, अहो," काकू म्हणाल्या, आणि ओट्याशी उभ्या राहून हमसून हमसून रडल्या.